पाळी गेली आणि खाज आली

पाळी जाताना काय काय होतं याची यादी मला पाठ होती, कारण दोन्ही जावा आणि मोठी नणंद त्यातून जाऊन आलेल्या. गरम वाफा, रात्री घामाने गाऊन भिजणं, चिडचिड, झोप उडणं, गुडघे. खाजेचं नाव कोणी म्हणजे कोणी घेतलं नव्हतं. त्यामुळे ४७ व्या वर्षी मला खाज सुटायला लागली तेव्हा मी सगळ्यांवर संशय घेतला, ढेकूण, नवीन बेडशीट, साबणाची पावडर, सोसायटीचं टँकरचं पाणी... फक्त पाळीवर नाही घेतला. आणि पाळीचं तर तेव्हा काय ते तंत्रच नव्हतं, कधी दोन महिने गायब, कधी पंधरा दिवसांत परत आणि आली की नळ सोडल्यासारखी.

सुरुवात झाली दिवाळीत. नरक चतुर्दशीला पहाटे तेल उटणं लावून आंघोळ, दरवर्षीसारखीच, उटणंही तेच, आणि दुपारी फराळाची ताटं भरता भरता नडग्यांना अशी खाज सुटली की मी ओट्याखालच्या ट्रॉलीच्या हँडलला पाय घासत उभी. पुरळ नाही, लाली नाही, गांध नाही, बघायला काहीच नाही. दिवाळी संपली पण खाज नाही संपली. नडगीवरून दंडावर, दंडावरून पाठीत दोन खांद्यांच्या मधे जिथे कुठलाच हात पोचत नाही बरोबर तिथे, मग डोक्यात, आणि कानाच्या आत. आणि रात्री जे व्हायचं ते तर खाज पण म्हणता येणार नाही, अंगावर मुंग्या चालल्यासारखं. मुंग्या येणं वेगळं हो, पाय दुमडून बसलं की येतात त्या, हे मुंग्या *चालणं*. मी अक्षरशः रात्री अडीचला उठून ट्यूब लावून चादर झटकलेली आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. नवरा डोळ्यांवर हात घेऊन म्हणायचा, अगं नाहीये मुंगी, झोप.

सासूबाईंचं निदान तयार होतं, पित्त उठलंय. आपल्याकडे अंगाला खाजलं की पित्त, त्याला दुसरा पर्यायच नाही. आमसुलं भिजवून त्याचं पाणी लावलं, एक पांढरा परकर कायमचा गुलाबी झाला, बाकी फरक शून्य. मग शेजारच्या काकूंनी कडुलिंबाचा पाला दिला, तो उकळून त्या पाण्याने आंघोळ, आणि पाणी जितकं कडकडीत तितकं बरं वाटायचं. हे नीट सांगते कारण ही चूक मी सहा महिने रोज केली. कडक पाणी खाजेवर ओतलं की पाच मिनिटं स्वर्ग असतो, असं वाटतं की बास, आता गेली. आणि अंग पुसून अर्धा तास होत नाही तोवर दुप्पट. मग मी म्हणायची पाणी कमी गरम होतं बहुतेक.

आमच्या लोकलमध्ये, म्हणजे डोंबिवली ते दादर रोज एकत्र जाणारा आमचा आठ-नऊ बायकांचा ग्रुप, तिथे एक जुना कंगवा असतो, कोणाच्या ना कोणाच्या पर्समध्ये. लोकलने जाणाऱ्यांना सांगायला नको कशाला ते, पंखा अडकला की जाळीतून कंगवा घालून पात्याला ढकलायचं. मला वाफ आली की, आणि ती कोपर स्टेशनच्या आधीच यायची, छातीतून सुरू होऊन मान, कान, टाळू, जणू कोणी कुकरचं झाकण उघडलं, तर पहिलं काम त्या कंगव्याने पंखा चालू करणं आणि दुसरं काम तोच कंगवा ब्लाउजच्या मागून आत घालून पाठ खाजवणं. सुरुवातीला सगळ्या हसल्या. मग ठाण्याला चढणारी बँकवाली एक दिवस हळूच म्हणाली, झालं की मला दे. तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं पण बोललो काहीच नाही, कारण ती पण ५० ची आणि मी पण त्याच गावची, पण तेव्हा डोक्यात दिवा पेटला नाही.

ऑफिसात वाईट दिवस गेले. माझं काम काउंटरचं, समोर माणूस उभा असतो आणि तुम्ही दंड खाजवताय, मग मान, मग परत दंड. लोक पैसे हातात द्यायचे बंद होतात, ट्रेमध्ये ठेवतात. एक सहकारी, जिच्याबरोबर मी ११ वर्षं डबा खाल्ला, ती एक दिवस "आज मला भूक नाहीये गं" म्हणाली आणि नंतर पँट्रीत दुसऱ्या टेबलावर खाताना दिसली. राग आला मला, आजही आहे थोडा.

मग गेले केमिस्टकडे. हा भाग माझ्या मूर्खपणाचा आहे पण सांगते. काउंटरवर म्हटलं खाज येते, त्या मुलाने एक ट्यूब काढून दिली, चिठ्ठी वगैरे काही विचारलं नाही, मी पण नाही विचारलं कसलं आहे. लावलं, आणि काय सांगू, मानेची खाज दोन दिवसांत गायब! मला वाटलं सापडलं एकदाचं. तीन महिने ती ट्यूब मी पर्समध्ये लिपस्टिकसारखी बाळगली, मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे खाजेल तिथे. नंतर कळलं की त्यात क्लोबेटासॉल, म्हणजे सगळ्यात जोरदार स्टिरॉइडपैकी एक, शिवाय बुरशीचं आणि बॅक्टेरियाचं औषध असं सगळं एकत्र. बंद केलं की चार दिवसांत मान लालबुंद, आग आग, म्हणून परत लावायचं. कोपराच्या आतली कातडी इतकी पातळ झाली की निळ्या शिरा नकाशासारख्या दिसायला लागल्या. खरं तर ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत असा नियम आहे. नियम आहे हो.

त्यानंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना वाटलं खरूज असेल, कारण रात्री जास्त खाजतं. मग घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत पर्मेथ्रिनचं क्रीम लावायचं, सकाळी आंघोळ, आणि घरातल्या सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात. बारावीतला मुलगा आणि नवरा दोघं चड्डीवर हॉलमध्ये उभे, अंगाला पांढरं क्रीम फासून, आणि सासूबाई देवघरातून म्हणतायत हे काय चाललंय घरात. हे सगळं आठ दिवसांनी परत एकदा. बाकी कोणालाच खाजत नव्हतं ही गोष्ट तेव्हा लक्षात घ्यायला पाहिजे होती असं आता वाटतं. हायड्रॉक्सिझिनची गोळी पण मिळाली रात्रीसाठी. तिने खाज काही गेली नाही पण झोप अशी लागली की दुसऱ्या दिवशी गाडीत दादर गेलं, भायखळा गेलं, आणि मला जाग आली सीएसएमटीला, परतीच्या बायका चढून "सरको जरा" म्हणत होत्या तेव्हा.

शेवटी स्किनवाल्या डॉक्टर. तरुण मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने आधी टॉर्च घेऊन बोटांच्या बेचक्या, मनगटं, नखं बघितली, मग नडगीवर नखाने हलकी एक रेघ ओढली आणि ती रेघ पांढरी उमटली, फळ्यावर खडूने ओढल्यासारखी. म्हणाली, बघा, किती कोरडी आहे. आणि मग विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? मी म्हटलं मॅडम मी खाजेसाठी आलेय. ती म्हणाली हो हो, तेच विचारतेय.

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली.

तिने जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हॉर्मोन, फक्त गर्भाशयाचं काम बघत नाही, कातडीचं पण बघतं. ते कमी झालं की कातडीतलं तेल कमी, ओल धरून ठेवणारे जे घटक असतात ते कमी, आणि कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट धरणारं प्रथिन, ते तर पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत साधारण ३० टक्के कमी होतं. म्हणजे पावसाळ्यानंतर बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर पोपडे धरतं तसं, आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचं सगळं, साबण, धूळ, घाम, सिंथेटिक कापड, आत टोचतं. मज्जातंतू पण हळवे होतात म्हणून मुंग्या चालल्याचा भास. त्याला डॉक्टरी शब्द आहे, फॉर्मिकेशन, मुंगीच्याच लॅटिन नावावरून. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की विचारू नका, म्हणजे जगात इतक्या बायकांना मुंग्या चालल्या असतील की त्याला नाव ठेवावं लागलं. आणि ही खाज पित्तासारखी हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाची, नसते, म्हणून सिट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या खाऊन मी सहा महिने नुसती पेंगत होते.

पण तिने सगळं पाळीवर ढकलून दिलं नाही हे महत्त्वाचं. रक्त तपासायला लावलं. शुगर, थायरॉइड, लिव्हर, किडनी, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कारण यातल्या कशानेही पुरळ नसलेली खाज येऊ शकते. माझं थायरॉइड, शुगर ठीक, पण हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटिन ९. वर्षभर जो नळ सोडल्यासारखा रक्तस्राव चालला होता त्याचा परिणाम, आणि लोह कमी असलं तरी खाजतं म्हणे! म्हणजे माझी खाज एकाच बाजूने नव्हती येत. व्हिटॅमिन डी पण तळाला, १२. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, लिंबू सरबताबरोबर, चहापासून लांब, आणि चहापासून लांब हे माझ्यासाठी खाजेपेक्षा अवघड होतं.

ट्यूबचं सांगितल्यावर ती रागावली नाही, नुसती मान हलवली, आणि ते एकदम न सोडता सौम्य औषधावर आणून मग बंद केलं. तो महिना कठीण गेला. मानेवर ओला रुमाल गुंडाळून बसायची मी.

आता रोजचं काय केलं ते, कारण खरं काम तिथेच झालं. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-सात मिनिटांत आवरायची. पहिले पंधरा दिवस मला आंघोळ झाल्यासारखंच वाटलं नाही. साबण बदलला, फेस न येणारा, वास नसलेला, आणि तो पण काखा-जांघा वगैरे एवढ्यालाच, हातापायाला रोज साबण लागत नाही हे वयाच्या ४८ व्या वर्षी कळलं. उटणं, डाळीचं पीठ, घासणी बंद. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. आणि बाथरूमच्या बाहेर यायच्या आधी, तीन मिनिटांच्या आत, अंग दमट असतानाच मॉइश्चरायझर. वासाचं नाही, साधं ग्लिसरीन आणि लिक्विड पॅराफिनवालं. आणि किती लावायचं तर मी जितकं लावत होते त्याच्या चौपट. आधी मी बोटावर वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या हाताला पुरवायची, आता ४०० ग्रॅमची बाटली तीन आठवडे पण जात नाही. खर्च होतो, होऊ दे. दिवाळीत साडी नाही घेतली. नडगीला आणि टाचांना युरियावालं क्रीम दिलं होतं, ते खाजवून ओरबाडलेल्या जागी चुकून लावलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, तर ते फक्त अखंड कातडीवर, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पाठीला लावायचं काम नवऱ्याकडे. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने लावणार, त्यामुळे उजवा खांदा निरांजनात घालता येईल इतका तुपकट आणि डावा कोरडा ठणठणीत. तरी लावतो बिचारा. एक बाटली मी फ्रीजमध्ये ठेवते, इडलीच्या पिठाशेजारी, रात्री वाफ आली की पाठोपाठ खाज येते तेव्हा ते गार क्रीम लावलं की खाजवायची गरज पडत नाही. नखं कायम कापलेली. झोपताना जुन्या सुती साडीचे शिवलेले गाऊन. आणि खाजवायचंच असेल तर नखाने नाही, तळहाताने दाबायचं किंवा थोपटायचं, हे ऐकायला फालतू वाटतं पण रात्री अडीचला उपयोगी पडतं.

साधारण सहा आठवड्यांनी लक्षात आलं की मी एका पूर्ण सिनेमाभर खाजवलं नाही.

राहिली ती एक खाज, जिच्याबद्दल मी त्या स्किनवाल्या मुलीला पण बोलले नाही, लाजेने. नाजूक जागेची. कोरडेपणा, आग, लघवीला जळजळ, आणि नवऱ्याशी जवळीक म्हणजे शिक्षा. मला वाटायचं इन्फेक्शन आहे, म्हणून ते सुगंधी वॉश आणून धुवत होते, जे नेमकं करायचं नसतं. गायनॅककडे मी गेले होते वाफांसाठी, उठताना दाराशी जाऊन परत फिरले आणि सांगितलं. त्यांनी लगेच तपासलं, कारण तिथे पांढरे चट्टे वगैरे असतील तर तो वेगळा आजार असतो आणि त्याचं औषध वेगळं. माझं तसं नव्हतं. तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. हे फक्त त्या जागेपुरतं काम करतं, रक्तात फार थोडं जातं. त्याने महिन्याभरात जो फरक पडला तो मी इथे वर्णन करत बसत नाही, पण ज्या बायका "आता या वयात काय" म्हणून गप्प बसल्यात त्यांनी प्लीज जाऊन बोला.

हॉर्मोनच्या गोळ्या किंवा जेल, ते एचआरटी म्हणतात ते, याच्यावर आमच्या घरात गोलमेज परिषद झाली. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या कॅन्सर होतो. गायनॅकने सांगितलं की ही भीती २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर पसरली, त्यातल्या बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या होत्या, आणि आता साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर ज्यांना त्रास खूप आहे अशा बऱ्याच जणींना फायदा जास्त असतो. पण सरसकट नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील, लिव्हरचा आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर नाही. आणि नुसत्या खाजेसाठी कोणी देत नाही. माझ्या वाफा रोजच्या दहा-बारा होत्या, तरी मी लगेच हो म्हटलं नाही, माझी मावशी स्तनाच्या कॅन्सरने गेलेली, म्हणून मॅमोग्राफी केली, ती स्वच्छ आली, तरी मनात ते आहेच. सध्या नको म्हटलंय. सहा महिन्यांनी परत बोलायचं ठरलंय. दुसरी कोणी माझ्या जागी घेईल आणि तिचंही बरोबरच असेल.

शेवटची पाळी मार्च २०२४ ला आली होती, म्हणजे मार्च २०२५ मध्ये बारा महिने पूर्ण होऊन माझा अधिकृत मेनोपॉज झाला. आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतो, मी ४८ ला, म्हणजे इथे पण लोकल थोडी लेटच. आणि बारा महिने झाल्यावर पुन्हा जर थेंबभर जरी दिसलं तर घरी बसायचं नाही, लगेच दाखवायचं, हे गायनॅकने तीनदा सांगितलं म्हणून मी पण इथे एकदा सांगते.

मे महिन्यात माहेरी गेले होते, राजापूरकडे. आईला हे सगळं आधी फोनवर सांगितलं तेव्हा तिचं नेहमीचं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं गो, कामातून वेळ कुठे होता. तिथे पडवीत मी पाय पसरून क्रीम थापत बसले होते तर ती आत गेली आणि मुठेल घेऊन आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकमाच्या बियांचं तेल काढून त्याचे मुठीत वळून गोळे करतात, दगडासारखे कडक, वर बोटांचे ठसे तसेच राहतात. तो गोळा तिने चुलीजवळ धरून जरा मऊ केला आणि माझ्या नडगीवर घासायला लागली. मी म्हटलं तुला कसं माहीत हे खाजेला चालतं. ती म्हणाली, तुझ्या आजीला लावायची मी.

मग घासता घासता सांगत होती. आजी पन्नाशीची असताना दुपारी सगळं आवरलं की त्या समोरच्या खांबाला पाठ टेकून बसायची आणि पाठ घासायची, वर खाली, वर खाली. घरातले सगळे हसायचे, म्हैस बांधल्ये म्हणायचे. मी विचारलं आणि तुला? तुला नाही झालं? आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, मला रात्री व्हायचं, पण मला हसलेलं नको होतं.

खांब अजून आहे. फणसाचा आहे, एका बाजूने, बसल्यावर पाठ टेकते त्या उंचीला, गुळगुळीत झालाय. लहानपणापासून बघतेय मी तो, मला वाटायचं लोक टेकून बसतात म्हणून झाला असेल.

मुठेलाचे दोन गोळे घेऊन आलेय. टाचांना आणि नडग्यांना वापरते, बाकी अंगाला आपली बाटली. एक गोळा ठाण्याच्या बँकवालीला दिला, कंगवा आता तिच्याच पर्समध्ये असतो.